चौथी ब चा चार्ज

ऋजुता,
हजेरीपट, दोन डस्टर, नकाशे, भिंतीवरचं घड्याळ,
सगळ्यावर तुझी सही झाली.
डेडस्टॉक जुळला, एक कंपासपेटी सोडून.
आता यादीत नाही ते सांगते. पाणी पी आधी.

लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा सुरमिला काळेचा.
दप्तर रात्री तिथेच राहतं.
मागच्या थंडीत पुलाखाली अतिक्रमणची गाडी आली,
पातेली, गोधड्या, दप्तर, सगळं एका ढिगात गेलं.
मी गोडाऊनला गेले. पावती मागितली त्यांनी.
पावती कसली? चुलीची?
शेवटी पुस्तकावरचा शाळेचा शिक्का दाखवला
तेव्हा साहेब म्हणाले, हे सरकारी आहे, हे न्या.
पातेलं तिच्या आईचं होतं.
ते राहिलं.

वयानुसार ती चौथीत,
वाचायला दुसरीत,
हिशोबात तुझ्यामाझ्यापुढे.
सिग्नल सुटायच्या आत पाचशेचे सुट्टे मोजून देते.
पण बेरीज शिकवताना "हातचा एक घेतला" म्हणू नकोस.
ती उभी राहते, दोन्ही तळवे दाखवते,
बाई, मी नाही घेतला.
वर्ग हसला होता तेव्हा. मीही, थोडीशी.
आता मी म्हणते, एक जण दशकाच्या घरी राहायला गेला.
ते तिला पटतं.

पावणेसातला साळूबाई मागचा नळ सोडतात.
कागदावर तो नळ नादुरुस्त आहे.
दुरुस्तीचं पत्र पाठवू नकोस.
साबण माझा होता, आता तुझा.

सोमवारी खिचडी दोन डाव जास्त सांग.
रविवार कसा गेला हे विचारायचं नाही,
वाढायचं.
टिल्या, तिचा भाऊ, पटावर नाही,
पण सिग्नलला त्याला धरायला कोणी नाही
म्हणून शेवटच्या बाकाखाली झोपतो.
केंद्रप्रमुख आले तर तो साळूबाईंचा नातू.

गणवेश दिवाळीनंतर येतो.
माप जूनचं असतं. मुलं जूनची राहत नाहीत.

"माझे घर" निबंध मी दिला, चूक माझी.
तिने लिहिलं:
आमच्या घराचे छप्पर खुप ऊंच आहे.
त्यावरून बशी जातात तरी पडत नाही.
एका बाजुला स्वारगेट आहे.
पाव्हणे आले तर जागा कमी पडत नाही.
दहापैकी सात दिले.
तीन ऱ्हस्वदीर्घाचे कापले.
वही अजून कपाटात आहे, ते तीन तुला द्यावेसे वाटले तर दे.

आणखी एक. ऑनलाइन नोंदीला पत्ता लागतो.
पूल लिहिला की पुढचं पान उघडत नाही.
म्हणून माझा घातलाय, आंबेगावचा, दुसरा मजला.
जानेवारीत ती बारा दिवस आली नाही.
नियमाप्रमाणे मी पालकांना पत्र पाठवलं:
आपला पाल्य सलग गैरहजर आहे, तात्काळ भेटावे.
शनिवारी ते माझ्याच दारात आलं.
माझीच सही, माझंच "तात्काळ".
चपला घातल्या नि निघाले.
पुलाखाली नुसत्या तीन विटा, राख धुतलेली.
पानवाला म्हणाला, कात्रजकडे गेले असतील, नाहीतर यवतला.

सोमवारी ती आपणहून आली,
कात्रजहून चालत, टिल्याला कडेवर घेऊन.
उशीर झाला म्हणून दाराबाहेर उभी.
मी काहीच बोलले नाही,
फळ्यावरची तारीख मात्र दोनदा लिहिली.

साडेआठपर्यंत लाल शाई वापरू नकोस, एवढंच.

माझी बदली हडपसरला झाली, घर तेच आहे.
पत्रं येतच राहतील.
पोस्टमन परवा विचारत होता,
सुरमिला तुमची कोण?

ही कपाटाची किल्ली.
थोडी डावीकडे ओढून फिरव,
नाहीतर अडकते.